चाकांची शर्यत आणि घरखर्चाची वही

वाचकहो, घरात काटकसर करावयाची ठरली म्हणजे वहीतील कोणत्या ओळीवर पहिली काट पडते, हे आपण कधी निरखून पाहिले आहे काय? गेल्या जानेवारीत ते पाहण्याचा प्रसंग आम्हांवर आला, आणि तेव्हापासून मनाला एक टोचणी लागून राहिली आहे.

हैदराबादेस एका परिचित मराठी कुटुंबाकडे आम्ही चार दिवस उतरलो होतो. बिऱ्हाड मियापूरच्या बाजूस. त्या दिवसांत नामपल्लीच्या मैदानावर औद्योगिक प्रदर्शन भरलेले असते. तेथील लोक त्यास 'नुमाइश' म्हणतात. 1938 साली बागे आममध्ये ते प्रथम भरले, 1946 पासून नामपल्लीस भरू लागले. 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी हा त्याचा नेहमीचा काळ. काश्मीरच्या शाली, लखनौचे चिकनकाम, मुलांसाठी चिमुकली आगगाडी, खाण्याची दुकाने! वर्षभर मुले त्याची वाट पाहतात.

गृहस्थ मोठे नेमस्त. रोज रात्री खर्च लिहिल्यावाचून निजत नाहीत. त्यांनी कौतुकाने वही आमच्या हाती दिली. तीत एक ओळ होती : 'नुमाइश – चौघे.' घरात माणसे मात्र पाच. आम्ही विचारले तेव्हा ते हळूच म्हणाले, "फादर, थोरलीला गर्दीचा त्रास होतो." थोरली चौदा वर्षांची. तिच्या पायांत बळ नाही. चाकांच्या खुर्चीवर, म्हणजे आपण जिला व्हीलचेअर म्हणतो तिच्यावर, तिचा दिवस जातो. ती खिडकीशीच बसली होती. वळून म्हणाली, "बाबा, मला गर्दीचा त्रास होत नाही. दोन रिक्षा कराव्या लागतात, त्याचा होतो."

कोणी काही बोलले नाही. त्या बापाच्या मनात माया नव्हती असे कोण म्हणेल? परंतु वही माया पाहत नाही, आकडे पाहते. आणि आकड्यांत सर्वांत सहज गळणारे माणूस तेच, जे आपल्या पायांनी उठून वाटेवर येऊ शकत नाही.

मग आम्ही सारे वही घेऊन बसलो. बाहेरचे फरसाण, रोज विकत घेतलेला चहा, कोणी पाहत नसलेल्या वाहिन्यांची वर्गणी, डाळ न भिजवता गॅसवर तासभर शिजविणे, अशा लहान लहान गळती सापडल्या. दिवसाला केवळ दहा रुपये वाचले तरी वर्षाचे 3,650 रुपये होतात. आणि रिक्षाचा प्रश्न? तो थोरलीनेच सोडविला. मियापूरहून मेट्रो थेट नामपल्लीस जाते. स्थानकांवर लिफ्ट आहे. खुर्ची घडी न करता डब्यात जाते. घरी कोणी तिला विचारलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी पाचहीजण गेले, आम्ही सहावे. दारे नुकतीच उघडली होती, गर्दी अद्याप व्हावयाची होती. एका मोकळ्या, सपाट वाटेवर धाकट्या भावाने तिला डिवचले, "त्या खांबापर्यंत?" आणि तो धावला. पोरीने चाकांना असे हात घातले की खांब तिनेच आधी गाठला. ती हसली, तसे हसणे तिच्या आईने फार दिवसांत ऐकले नसावे. कारण आई पदर डोळ्यांशी नेऊन उभी राहिली.

आता आमची कबुली. आमच्या गावच्या सणाला चाकांच्या खुर्चीवरील मंडळींना आम्ही पहिल्या रांगेत बसवीत असू, खाऊची पुडी देत असू, आणि आपण मोठे काम केले असे समजत असू. शर्यती मात्र इतरांच्या. त्यांनाही खेळावेसे वाटत असेल हे आमच्या ध्यानी आले नव्हते.

ज्यांच्या ध्यानी आले त्यांनी जग बदलले. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी पाठीच्या कण्यास इजा झालेल्या सैनिकांना खेळास लावले. 29 जुलै 1948 रोजी, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांच्या अंगणात सोळा स्त्रीपुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक वाढले. 1964 साली टोकियोस चाकांच्या खुर्च्यांची 60 मीटरची शर्यतही लागली. आपल्या सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. 1972 साली हायडलबर्ग येथे 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. खेळ हा त्यांच्यासाठी औषधाचाच एक भाग होता.

परत आल्यावर पास्कानंतरच्या एका रविवारी सकाळी आम्ही शाळेच्या मैदानावर चाकांची शर्यत ठेवली. पाचजणांना घरी जाऊन विचारले. चौघे 'हो' म्हणाले, पाचव्या आजी म्हणाल्या, "मी शिटी वाजवीन." तेही मान्य केले. कोणासही आग्रह नको.

आपल्या गावी करावयाचे असल्यास अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. जमीन घट्ट व सपाट असावी. खडे आदल्या दिवशी वेचावेत, कारण पुढचे लहान चाक खड्यास अडले की माणूस तोंडघशी पडतो. तीस पावलांची वाट पुरे. प्रत्येकाची पट्टी चुन्याने आखावी आणि दोन खुर्च्या शेजारून सहज जातील इतकी रुंद ठेवावी. ब्रेक, पाय ठेवण्याची पाटी आणि चाकातील हवा आधी तपासावी. ज्याच्या अंगास संवेदना नाही त्यास बसून बसून जखम झाली तरी कळत नाही. म्हणून खाली मऊ उशी असावी आणि अधूनमधून अंग उचलून घ्यावे. सोबती मागे चालेल, परंतु संकट आल्यावाचून हात लावणार नाही. उन्हे चढण्यापूर्वी आटोपावे, पाणी व सावली जवळ असावी.

खेळही गमतीचे ठेवावे. आमच्याकडे सर्वांत गाजली ती सावकाश शर्यत : जो थांबल्यावाचून सर्वांच्या मागे राहील तो जिंकला! सत्तरीचे एक आजोबा तीत असे रेंगाळले की मैदान हसून लोळले. लिंबू-चमच्याच्या खेळात चमचा तोंडात धरावा, म्हणजे हात चाकांस मोकळे राहतात. एक गोष्ट मात्र टाळावी : धडधाकट मुलांनी गंमत म्हणून दुसऱ्याची खुर्ची पळवू नये. ती त्याचे पाय आहे.

खर्च किती झाला? चुना, लिंबे, ताक आणि बक्षिसाचे स्टीलचे डबे मिळून 640 रुपये. चमचे घरोघरचे, शिटी शाळेची. सायकलवाल्या पोराने हवा फुकट भरली, आणि जाता जाता दोन खुर्च्यांच्या चाकांना तेलही घातले. खुर्चीची वेळच्या वेळी अशी निगा राखणे हीच खरी काटकसर. हवा आणि तेलावाचून कुरकुरणारी खुर्ची लवकर मोडते आणि नवी घ्यावी लागते. प्रवासाचेही तसेच. सोबत्यावाचून जाऊ न शकणाऱ्या अस्थिव्यंग व्यक्तीस रेल्वेच्या शयनयानाच्या भाड्यात 75 टक्के सवलत मिळते, आणि सोबत्यासही तितकीच. त्यासाठी लागणारा दाखला किती घरांत काढून ठेवलेला आहे? सवलत न घेता प्रवासच रद्द करणे यास काटकसर म्हणत नाहीत.

वाचकहो, काटकसर हा सद्गुणच आहे. परंतु ती सर्वांनी मिळून सोसावयाची असते. भाजीत थोडे कमी, कपड्यांत थोडे कमी, सर्वांचे सारखे कमी. एकाच माणसाचा आनंद पुरता पुसून बाकीच्यांचा राखला, तर तो हिशेब जुळला तरी खरा नव्हे. आणि ज्याच्याविषयी आपण ठरवितो त्यास बैठकीत बोलावलेच नाही, तर नामपल्लीच्या मेट्रोसारखी वाट कोण दाखविणार?

आज रात्री आपली वही उघडा. तीत कोणाची ओळ गळली आहे ते पाहा, आणि ज्याची गळली असेल त्याच्याच हाती पेन्सिल द्या.