समुपदेशक हवा, नुसती पाटी नको

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बजावले. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने पंधरा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. कायदा होईपर्यंत ती बंधनकारक आहेत. महाराष्ट्राने त्यांची अंमलबजावणी सर्वांच्या आधी करायला हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले आणि त्यांत सर्वाधिक विद्यार्थी आपल्या राज्यातले होते.

समुपदेशन कक्ष अनेक महाविद्यालयांत आहे, पण कागदावर. ‘नॅक’ची समिती येणार म्हटले की दाराला पाटी लागते, रजिस्टर उघडले जाते आणि मानसशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार सोपवला जातो. हे प्राध्यापक अनेकदा तासिका तत्त्वावरचे, पुढच्या वर्षी आपली नेमणूक राहील की नाही याच चिंतेत असलेले. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण ज्यांच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्यांच्यासमोर मुलगी ‘सर, मला जगावंसं वाटत नाही’ असे कशी म्हणेल? कक्षाचे दार कार्यालयातल्या खिडकीसमोर असेल, तर आत कोण गेले हे संध्याकाळपर्यंत वर्गभर होते. मग पुन्हा त्या दाराकडे कोणी फिरकत नाही.

म्हणून पहिली मागणी स्वतंत्र पदाची. समुपदेशक पूर्णवेळ, प्रशिक्षित आणि गुणांशी संबंध नसलेला असावा. त्याला बंद दाराची खोली मिळावी आणि तिथले बोलणे तिथेच राहावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. महाविद्यालयाच्या खोलीतही तोच दंडक पाळला पाहिजे. जिवाला धोका असेल तेव्हाच अपवाद करावा आणि त्याची कल्पना विद्यार्थ्याला आधीच द्यावी.

दुसरी मागणी पैशाची. अनुदानित महाविद्यालयांत हे पद राज्य सरकारने मंजूर करावे आणि त्याचे वेतन द्यावे. विनाअनुदानित संस्था जिमखान्यापासून प्रयोगशाळेपर्यंत नाना नावांनी शुल्क घेतात, त्यांनी हा खर्च स्वतः उचलावा. विद्यापीठांनी संलग्नीकरणाच्या वेळी कागद पाहून थांबू नये, माणूस नेमला आहे का ते पाहावे. शंभरापेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घेण्याची सोय न्यायालयाने ठेवली आहे. ग्रामीण भागात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची मदत तिथे घेता येईल.

समुपदेशक आला म्हणजे सगळे प्रश्न सुटले, असे मात्र कोणी समजू नये. मराठवाड्यातून पुण्यात आलेला, कॉट बेसिसवर राहणारा मुलगा शिष्यवृत्ती रखडली म्हणून मेसचा एक वेळचा डबा बंद करतो, तेव्हा त्याचे दुखणे नुसते मनाचे नसते. जातीवरून ऐकावे लागणारे टोमणे, ‘एटीकेटी’ लागल्यावर घरी तोंड दाखवण्याची भीती, वसतिगृहातला छळ यांवर फक्त बोलणे हा उपाय नव्हे. कॅम्पसवरील आत्महत्यांची कारणे शोधण्यासाठी न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले, तेही याचसाठी. समुपदेशकाने नावे न सांगता तक्रारींचे स्वरूप प्राचार्यांपुढे दर सत्रात मांडावे आणि व्यवस्थापनाने त्यावर काय केले, हे जाहीर करावे.

‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र सुरू आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. तो प्रत्येक वर्गात आणि वसतिगृहात ठळक लावावा. पण फोनवरचा आधार हा महाविद्यालयातल्या माणसाला पर्याय नाही. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी राज्य सरकारने ही पदे मंजूर करावीत. आणि पालकांनी प्रवेश घेताना प्लेसमेंटच्या आकड्यांबरोबर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : तुमच्याकडे समुपदेशक कोण आहेत आणि ते रोज किती वेळ भेटतात?