उतारावरील जाळी कुजणारच, गवत रुजले पाहिजे

नवी दिल्ली : महामार्गांच्या रुंदीकरणासाठी कापलेल्या डोंगरउतारांवर पावसाळ्यापूर्वी काथ्याची जाळी अंथरलेली दिसते. काम पूर्ण झाल्याची नोंद तेथेच होते. प्रत्यक्षात त्या क्षणी संरक्षणाला जेमतेम आरंभ झालेला असतो.

उघड्या मातीवर आदळणारा पावसाचा थेंब कण सुटे करतो आणि वाहते पाणी ते खाली नेते. ओघळी पडतात, पुढे त्यांच्या घळी होतात. जाळी थेंबांचा मार झेलते, पाण्याचा वेग मंदावते आणि बी जागेवर धरून ठेवते. मात्र तागाची जाळी साधारणतः वर्ष-दीड वर्षात आणि काथ्याची दोन-तीन वर्षांत कुजते. तिने तसे कुजणेच अपेक्षित आहे, कारण तोवर मुळांनी तिची जागा घ्यायची असते. वेगवान पाण्याच्या चरांसाठी न कुजणाऱ्या कृत्रिम जाळ्या वापरतात. तेथे मुळे जाळीत गुंततात व दोन्ही मिळून प्रवाह सोसतात. ब्रिटनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभियांत्रिकी अहवालाने अशा हिरवळीच्या चरांच्या रचनेचे निकष मांडले. पाण्याच्या वेगाइतकाच प्रवाहाचा कालावधी महत्त्वाचा, हे त्यातील मर्म. अल्पकाळ तग धरणारे गवत तोच वेग अनेक तास राहिला तर उखडते. दिवसदिवस कोसळणाऱ्या मोसमी पावसाच्या देशात हे विसरून चालणार नाही.

भारताला हे तंत्र सर्वस्वी परके नाही. कर्नाटकातील गुंडलुपेट परिसरातील शेतकरी वाळ्याच्या रांगांनी शेताच्या हद्दी राखत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी याच गवताचा मृदसंधारणासाठी जगभर पुरस्कार केला. वाळ्याची मुळे अनुकूल जमिनीत तीन-चार मीटर खोल जातात. उतारांच्या संरक्षणासाठी भारतीय रस्ते काँग्रेसची ‘आयआरसी ५६’ ही मार्गदर्शिकाही उपलब्ध आहे.

उणीव आहे ती अंमलबजावणीत. केंद्राने जून २०२० मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात काथ्याच्या वस्त्राला मान्यता दिली. सात राज्यांतील १,६७४ किलोमीटर रस्त्यांचा, त्यात महाराष्ट्रातील ३२८ किलोमीटरचा, तेव्हा उल्लेख झाला. काथ्या उद्योगासाठी तो निर्णय मोलाचा होता. पण रस्ता किलोमीटरमध्ये मोजता येतो, उतारावर जगलेले गवत तसे मोजता येत नाही. मे महिन्याच्या अखेरीस जाळी टाकली, तर केरळात १ जूनच्या सुमारास येणाऱ्या पावसापूर्वी बी रुजायला अवधीच उरत नाही. मग जाळीखालून माती वाहते आणि दोष गवताच्या माथी येतो.

या उपायाची मर्यादाही स्पष्ट आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिरूर येथे १६ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय महामार्ग ६६ वर दरड कोसळली. डोंगराचा मोठा भाग खाली आणणाऱ्या अशा सरकणीला हिरवळ रोखू शकत नाही. तेथे कापणीचा कोन, आतील पाण्याचा निचरा आणि आधारभिंत यांचाच विचार करावा लागतो. मुळांचे काम वरच्या थरापुरते आहे. तेवढे तरी व्हावे यासाठी पेरणीपूर्व सिंचन आणि पहिल्या दोन पावसाळ्यांतील देखभाल कंत्राटातच हवी, आणि देयकाचा काही हिस्सा दुसऱ्या पावसाळ्यानंतर उतारावर उभे असलेले गवत पाहूनच अदा व्हायला हवा.