भिंतीआडची बाई

मैत्रिणींनो, दुपारी दीड ते तीन ही वेळ तेवढी आपली. जेवणं झालेली, ओटा आवरलेला, मुलं शाळेतून यायची असतात. आमच्या पेणला उन्हाळ्यात पापड गच्चीवर वाळत घातलेले असले, की कावळ्यांकडे एक डोळा ठेवायचा, एवढंच काय ते काम. अशाच एका दुपारी टीव्हीवर '१०० डेज' लागला. माधुरी दीक्षितचा, १९९१ सालचा.

हा सिनेमा मी शाळेत असताना रोह्याला माहेरी केबलवर पाहिला होता. पाहिला म्हणजे काय, अर्धा वेळ उशी तोंडावर होती! आता पस्तिशी ओलांडली, दोन मुलांची आई झाले, आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते. म्हटलं, आता कसली भीती? जाऊबाईंना हाक मारली, शेंगदाण्यांची परात पुढ्यात घेतली आणि दोघी सोलत बसलो. सासूबाईंनी मात्र पाच मिनिटं पाहिलं आणि "तुमचं चालू द्या" म्हणून त्या आत जाऊन पडल्या.

गोष्ट तुम्हाला आठवत असेल. देवीला, म्हणजे माधुरीला, अधूनमधून काहीतरी दिसतं. एका बाईचा खून होतो आहे, तिला भिंतीत चिणलं जातं आहे. ती सगळ्यांना सांगते आणि सगळे म्हणतात, भास झाला असेल. पुढे लग्न होतं, ती नवऱ्याच्या जुन्या घरात राहायला येते, तिथली भिंत तिला ओळखीची वाटते. एक दिवस ती भिंत फोडते आणि आत सांगाडा निघतो. शेवट मी सांगणार नाही. रहस्यकथेचा शेवट सांगणाऱ्या बाईला हळदीकुंकवालासुद्धा कोणी बोलावू नये, असं माझं मत आहे. आपला लक्ष्मीकांत बेर्डे त्यात आहे आणि संगीत रामलक्ष्मण यांचं, म्हणजे नागपूरच्या विजय पाटलांचं. त्यामुळे सिनेमा आपल्या घरचाच वाटतो.

संध्याकाळी धाकट्या भाऊजींना सांगितलं तर ते हसले. "वहिनी, तो सिनेमा मूळचा मुंबईचा नाहीच. इटलीचा आहे." मी म्हटलं, काहीतरीच! पण ते खरं निघालं. १९७७ साली लुचिओ फुल्ची नावाच्या दिग्दर्शकानं हा चित्रपट इटलीत काढला. त्याच्या नावाचा अर्थ 'काळोखातले सात सूर' असा काहीसा होतो. त्यावरून १९८४ साली मणिवण्णन यांनी तमिळमध्ये 'नूरावदु नाळ', म्हणजे 'शंभरावा दिवस', हा चित्रपट केला आणि त्यावरून आपला '१०० डेज' आला. इटलीतली बाई मद्रासमार्गे मुंबईला आली आणि तिथून आमच्या पेणच्या घरात.

भाऊजींनी मूळ चित्रपटही मिळवून दिला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, त्यामुळे माझ्या बी.ए.चा थोडा उपयोग झाला. तिथेही नवऱ्याचं जुनं घर आहे, भिंत आहे, सांगाडा आहे. आणि तिथली नणंद वहिनीला एक मनगटी घड्याळ भेट देते, त्यातून सात सूर वाजतात. त्या घड्याळाचं पुढे काय होतं ते बघाच. नणंदेनं दिलेल्या वस्तूकडे मी त्यानंतर जरा आदरानं बघू लागले आहे.

अशा चित्रपटांना इटलीत 'जाल्लो' म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. मिलान शहरातल्या मोंदादोरी प्रकाशनानं १९२९ पासून रहस्यकथांची माला काढली, तिची मुखपृष्ठं पिवळी होती. तेव्हापासून तिकडे रहस्यकथेला पिवळीच म्हणायला लागले. पुढे मारिओ बावा यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये या धर्तीचे चित्रपट केले, १९७० मध्ये दारिओ आर्जेंतो यांनी स्फटिकाच्या पिसांच्या पक्ष्याचं नाव असलेला चित्रपट काढला आणि मग दहा-बारा वर्षं तिकडे या चित्रपटांचं पीक आलं. अमेरिकेत १९७८ साली 'हॅलोवीन' आला. सुरीवाल्या खुन्याचे ते सगळे पुढचे सिनेमे या इटालियन घराण्याचे नातेवाईक म्हणायला हरकत नाही.

महिनाभर दुपारी मी असे चार चित्रपट पाहिले. ह्यांनी विचारलंच, "तुला हे आवडतं तरी काय त्यात?" प्रश्न बरोबर होता. मी नीट विचार केला.

पहिली गोष्ट म्हणजे रंग. बावांच्या १९६४ च्या चित्रपटात कपडे शिवणाऱ्या एका मोठ्या फॅशनच्या घरात खून होतात. लाल, निळे, हिरवे दिवे, झुळझुळीत पडदे, कपडे घातलेले लाकडी पुतळे. आमच्या पेणला गणपतीच्या कारखान्यातून रात्री गेलात तर ओळीनं मांडलेल्या, न रंगवलेल्या मूर्ती अशाच अंगावर येतात. दुसरी गोष्ट संगीत. आर्जेंतोंच्या १९७५ च्या चित्रपटात खुनाआधी लहान मुलांच्या गाण्यासारखी चाल वाजते. साधी, गोड चाल. तीच ऐकून पोटात गोळा येतो.

पण खरी मेख तिसरी आहे. या चित्रपटांत सुरुवातीलाच कोणीतरी काहीतरी बघतं आणि त्याला पुढे सारखं वाटत राहतं, की मी बघितलं त्यात एक गोष्ट चुकीची होती. कोणती, ते आठवत नाही. सगळा चित्रपट त्या एका गोष्टीच्या शोधात जातो. हे आपल्या बायकांचं रोजचंच काम नाही का? दारातली चप्पल कोणाची, डब्यातली साखर कुणी हलवली, पोरगं आज शाळेतून आल्यावर गप्प का, हे आपल्याला आधी जाणवतं आणि कारण मागून सापडतं. सिनेमात कोणीतरी या जाणिवेला किंमत देतं, म्हणून दीड तास बरं वाटतं.

आता दोष. ते पुष्कळ आहेत आणि लपवण्यात अर्थ नाही.

गोष्ट बहुतेक वेळा धड जुळत नाही. शेवटी खुनी म्हणून जो पुढे येतो तो पहिल्या रीळात दोन मिनिटं दिसलेला असतो आणि कारण काय, तर लहानपणी काहीतरी पाहिलं म्हणून डोकं फिरलं! मनाच्या आजाराचा माणूस म्हणजे खुनी, हा समज या चित्रपटांनी घट्ट केला आणि तो चुकीचा आहे. ज्यांच्या घरात असं आजारपण आहे त्यांना विचारा, त्या माणसाच्या वाट्याला मार खाणंच जास्त येतं. इटलीत तेव्हा आवाज मागाहून भरायचे, त्यामुळे ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच पडतं, तेही आहे.

सगळ्यात मोठा दोष आपल्याशी संबंधित आहे. पुरुष मरतो तेव्हा पटकन मरतो. बाई मरते तेव्हा कॅमेरा रेंगाळतो. तिला आधी सुंदर कपडे घालायचे, केस मोकळे सोडायचे आणि मग तिची भीती तब्येतीत बघायची. आर्जेंतोंच्या बऱ्याच चित्रपटांत काळे हातमोजे घातलेले खुन्याचे हात खुद्द दिग्दर्शकाचेच असत. हे वाचल्यावर मला ते हात निराळेच दिसायला लागले. आमच्याकडे मूर्तीची सगळी कामं कोणीही करतं, पण डोळ्यांच्या आखणीला मुरलेला कारागीर लागतो. आखणी चुकली की बाकी मूर्ती कितीही देखणी असो, बघवत नाही. या चित्रपटांचं मला तसं वाटतं. रंग छान, अंगकाठी छान, डोळे मात्र वाकडे.

हे मी सासूबाईंना बोलून दाखवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून मी उठले." मला आश्चर्य वाटलं, कारण त्या स्वतः बाबूराव अर्नाळकरांच्या भक्त. झुंजार आणि काळा पहाड यांची पुस्तकं त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली आहेत. राजा परांजपे यांचा १९६४ चा 'पाठलाग' त्यांना पाठ आहे. त्याच्यावरूनच १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' निघाला, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगतात. मग रक्ताचंच वावडं का?

त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. त्यांचं माहेर पुण्याचं. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत पुण्यात दहा माणसं मारली गेली, ते जोशी-अभ्यंकर प्रकरण, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. "संध्याकाळी सात वाजले की वडील दाराला कडी घालायचे आणि आतून पाट्याचा दगड लावायचे. ओळखीच्या माणसालासुद्धा दार उघडत नसू. आणि करणारी कोण निघाली? चार कॉलेजची मुलं. चित्रकला शिकणारी. काळे हातमोजे नाहीत, संगीत नाही, काही नाही. तुमच्या सिनेमातला खुनी लांबून ओळखू येतो गं. खरा येत नाही." त्या चौघांना १९८३ च्या नोव्हेंबरात फाशी झाली. सासूबाईंचं लग्न होऊन त्या तेव्हा पेणला आल्या होत्या. "बातमी वाचली आणि त्या रात्री मी नीट झोपले," एवढंच त्या म्हणाल्या.

यावर मी काय बोलणार?

पण हा लेख लिहायला मी बसले ते वेगळ्याच कारणानं. मी शिकवते ती शाळा रोह्याला आहे. पेणहून गाडीनं जाते, कासू, नागोठणे आणि मग रोहे. '१०० डेज' पाहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी आठवीतली एक मुलगी तासानंतर माझ्यापाशी घुटमळली. म्हणाली, "बाई, स्टेशनकडून येताना एक माणूस रोज माझ्या मागनं येतो." माझ्या डोक्यात आदल्या दिवशीचा सिनेमा. मी हसत म्हटलं, "काय गं, तूही काल टीव्ही बघितलास वाटतं?" बाकीच्या मुली खिदळल्या. तीही कसनुसं हसली आणि निघून गेली.

परतीच्या गाडीत नागोठणं आलं आणि माझं मलाच लख्खकन दिसलं. आदल्या दुपारी शेंगा सोलताना मी पडद्यावरच्या त्या लोकांना शिव्या घालत होते, "अरे, ती सांगते आहे ना, मग ऐका की!" आणि आज मी काय केलं? तेच. मलाही भासच वाटला. त्या रात्री मला झोप आली नाही, मैत्रिणींनो, आणि ती सिनेमाच्या भीतीनं नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी एक गाडी आधी गेले आणि तिच्याबरोबर चालत शाळेत आले. माणूस होता. टपरीपाशी उभा होता, आम्ही पुढे गेल्यावर मागून निघाला. मी थांबून वळून बघितलं तेव्हा तो पाठ फिरवून गल्लीत शिरला. मुख्याध्यापिकांना सांगितलं, तिच्या आईला बोलावलं, पोलिसांत कळवलं. पुढच्याच आठवड्यात सकाळच्या वेळेला तिथे पोलीस दिसू लागला, माणूस दिसेनासा झाला, आणि आता चौघी-पाचजणी मिळून येतात. गोष्टीसारखा शेवट नाही, पण मला चालेल. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तिची आई डोळे पुसत म्हणाली, "बाई, आठ दिवसांपूर्वी मला सांगितलं होतं हो तिनं. मीच म्हटलं, तुझ्या मनाचे खेळ."

म्हणून शेवटी आपल्या सदराच्या रिवाजाप्रमाणे चार व्यवहाराच्या गोष्टी.

असे चित्रपट बघायचे असतील तर खुशाल बघा, पण आपले आपण, दुपारी. १९७० च्या सुमाराचे हे इटालियन चित्रपट मुलांसाठी नाहीत. इकडच्या सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र असलं तर मुलं घरात असताना लावू नका. २०२३ च्या कायद्यानं 'यूए' मध्येही सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे केले आहेत. नव्या सिनेमाचा आकडा आधी बघावा, मग रिमोट हातात द्यावा. मोठी मुलगी शेजारी येऊन बसलीच तर तिला हाकलू नका. "या बाईचं कोणी का ऐकत नाही?" एवढंच विचारा. उत्तर ती देईल आणि त्या निमित्तानं आणखीही काही सांगेल.

आणि तिनं काही सांगितलं तर आधी ऐका, हसू मागाहून. खरं-खोटं तपासायला वेळ लागतो, ऐकायला लागत नाही. मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२ हे दोन्ही नंबर फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा, दूधवाल्याच्या हिशेबाच्या शेजारीच.

सासूबाईंनी हा लेख वाचला. म्हणाल्या, "सगळं ठीक आहे, पण शेंगदाणे खवट निघाले ते नाही लिहिलंस." तर तेही लिहिलं. तुमच्या घरी कोणती बाई भास म्हणून गप्प बसवली गेली आणि पुढे तिचंच खरं निघालं, ते मला जरूर कळवा.