तिसऱ्यांदा विचारण्याची सोय

टर्निंग सेंटरवर बोअर २० मायक्रॉनने लहान येतो आहे. वेअर ऑफसेटमध्ये आधीचा आकडा आहे उणे ०.१२०. त्यात ०.०२० मिळवायचे, एवढेच काम. ऑपरेटर आकडा टाइप करतो आणि 'प्लस इनपुट'ऐवजी 'इनपुट' दाबतो. 'प्लस इनपुट'ने आकडा जुन्यात मिळवला जातो. 'इनपुट'ने जुना पुसला जाऊन त्या जागी नवा बसतो. म्हणजे व्यासात २० मायक्रॉनऐवजी १४० मायक्रॉनचा फरक पडला आणि पुढचा बोअर मापापेक्षा १२० मायक्रॉन मोठा झाला. बाहेरचा व्यास मोठा राहिला असता तर आणखी एक कट घेऊन पीस वाचवता आला असता. मोठा झालेला बोअर थेट लाल ट्रेमध्ये जातो. ऑफसेट दिल्यावर लगेचचा पीस तपासायचा असतो हेही त्या मुलाच्या अंगवळणी पडलेले नसेल आणि पाळी रात्रीची असेल, तर सकाळी तो ट्रे किती भरलेला असतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

मग सकाळी सुपरवायझर विचारतो, "तुला सांगितलं नव्हतं का?"

सांगितलेले असतेच. रुजू झाल्याच्या दिवशी गेटपास, पीएफचा फॉर्म, सेफ्टी शूजचे माप आणि कॅन्टीनची वेळ या सगळ्यांच्या मधे कुठेतरी, शेजारच्या मशीनच्या आवाजात सेटरने ही दोन बटणे दाखवलेली असतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवून दिले, की पाठ केलेल्यातले जे निसटायचे ते बहुतेक पहिल्या दिवसातच निसटते. आपल्याकडचे इंडक्शन मात्र अजूनही एका दिवसात उरकते आणि खाली सही घेतली की संपते. शंका आली तेव्हा त्या मुलाने विचारले का नाही? विचारले होते. एकदा नीट उत्तर मिळाले. दुसऱ्यांदा "किती वेळा सांगायचं रे?" असे ऐकावे लागले. तिसऱ्या वेळी त्याने अंदाजाने बटण दाबले.

ऑनलाइन प्रशिक्षणाचे फायदे सांगताना प्रवासखर्च वाचतो, एकाच वेळी शेकडो जण शिकतात, ट्रेनरचे मानधन वाचते, असा पाढा नेहमी म्हटला जातो. तो खोटा नाही. पण भोसरी, शिरोली किंवा अंबडमधल्या तीस-चाळीस माणसांच्या शॉपला त्यातले फारसे काही लागू पडत नाही. तिथे मुळात कुणाला प्रशिक्षणाला बाहेर पाठवतच नाहीत. अशा शॉपसाठी खरा फायदा एकच आहे आणि तो मोठा आहे: कामगाराला तीच गोष्ट तिसऱ्यांदा, दहाव्यांदा, कुणाचे कपाळ आठ्यांनी भरू न देता विचारता येते. सेटरची पाळी संपली तरी विचारता येते. सेटर रजेवर असतानाही विचारता येते.

या कल्पनेचा वंश पाहिला तर आमच्यासारख्या मासिकवाल्यांना थोडी कॉलर ताठ करायला जागा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कोळसा खाणींमधल्या अपघातांनंतर कायदा कडक झाला आणि खाणीतल्या जबाबदारीच्या जागांसाठी परीक्षा आली. कामगार हुशार होते, पण शाळेत गेलेले नव्हते. थॉमस फॉस्टर नावाचे एक संपादक खाण-व्यवसायाचे नियतकालिक चालवत. त्यांनी त्यात कामगारांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला सुरुवात केली. प्रश्न एवढे येऊ लागले की त्यातून १८९१ मध्ये टपालाने शिकवणारी संस्था स्क्रँटन शहरात उभी राहिली. दिवसभर खाणीत राबून आलेला माणूस रात्री दिव्याखाली धडा उघडायचा, उत्तर लिहून पाठवायचा आणि तपासून आलेले उत्तर पुन्हा वाचायचा. आज टपालाच्या जागी मोबाईल आला. गरज तीच आहे: आपल्या वेळेला, आपल्या गतीने शिकता यावे आणि आपले अज्ञान चारचौघांत उघडे पडू नये.

तरीही बाजारातून पन्नास तासांचे तयार पॅकेज विकत घेऊन कामगारांच्या गळ्यात मारू नका, असेच आम्ही सांगू. त्या व्हिडिओतले मशीन आपल्याकडे नसते, फिक्स्चर आपले नसते आणि निवेदकाची भाषा अशी असते की आपला ऑपरेटर तिसऱ्या मिनिटाला पुढे ढकलतो. आपल्या मशीनवर, आपल्या जॉबवर, आपल्याच सेटरने करून दाखवलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ त्याहून कितीतरी उपयोगी. साध्या मोबाईलवर काढलेला चालेल. हात आणि पडदा स्पष्ट दिसला पाहिजे, एका व्हिडिओत एकच काम पाहिजे. वर सांगितलेल्या दोन बटणांचा एक. इन्सर्ट फिरवून बसवण्याचा एक, सीट पुसण्यापासून स्क्रू आवळेपर्यंत. सॉफ्ट जॉ बोअर करण्याचा एक. क्यूआर कोड छापून मशीनच्या पॅनेलवर चिकटवला की शोधाशोधही नको.

आवाजाचा विचार मात्र आधी करावा लागतो. चालू शॉपमध्ये निवेदन ऐकू येत नाही आणि फिरत्या मशीनजवळ कानात इअरफोन घालायला परवानगी देणे म्हणजे अपघाताला आवतण. म्हणून पडद्यावर मोठ्या अक्षरांत मोजके शब्द हवेत. भाषेचेही तसेच. चाकणला एका पाळीत परभणीचा, गोरखपूरचा आणि गंजामचा मुलगा शेजारी-शेजारी उभे असतात. चित्रीकरण एकच ठेवून मराठी, हिंदी आणि ओडिया अक्षरे बदलणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. वर्गात ट्रेनर उभा करून हे कधीच जमले नसते.

हे सगळे मान्य केले तरी पडद्याला मर्यादा आहेत आणि त्या कुठे सुरू होतात हे ठरवायला एक जुनी पद्धत उपयोगी पडते. दुसऱ्या महायुद्धात कसबी माणसे सैन्यात गेल्यावर अमेरिकन कारखान्यांत नवख्यांना झटपट तयार करण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम राबवला गेला. युद्धानंतर तो जपानमध्ये गेला आणि टोयोटाने तो उचलला. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर मागोवा घेत राहणे. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या पडद्यावर उत्तम जमतात. तिसरी मशीनवरच व्हायची. मायक्रोमीटरचे रॅचेट किती फिरवायचे, बोअर गेज डोलवताना काटा नेमका कुठे उलटतो, टूल घासायला लागले की आवाज कसा बदलतो, हे हाताला आणि कानाला कळावे लागते. पहिल्या दोन पायऱ्यांत जाणारा सेटरचा वेळ वाचला, तर तो तिसरीला मिळतो. ऑनलाइनचा हिशेब इथे मांडायचा. सेटरची गरज संपली, असा हिशेब ज्यांनी मांडला त्यांना लवकरच लाल ट्रे मोठा घ्यावा लागेल.

पॉवर प्रेसबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात बोटे तुटण्याचे प्रकार अजूनही घडतात आणि अपघातानंतर "त्याचं सेफ्टी ट्रेनिंग झालं होतं" म्हणून प्रमाणपत्र पुढे केले जाते. गार्ड काढून ठेवलेला, सेन्सर बायपास केलेला आणि वर टार्गेटचा तगादा, अशा प्रेसवर माणसाला कितीही व्हिडिओ दाखवले तरी उपयोग शून्य. गार्ड बसवणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती क्यूआर कोड चिकटवून पार पडत नाही.

चौथी पायरी, मागोवा घेण्याची, आपल्याकडे सर्वात दुबळी असते आणि तिथे पडदा पुन्हा कामी येतो. नुसते 'व्हिडिओ पाहिला' यावर टिक करून घेणे म्हणजे जुनी सहीच नव्या रूपात. त्याऐवजी चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी एक-दोन प्रश्न पाठवा. ऑफसेट पानाचा फोटो, जुना आकडा उणे ०.१२०, बोअर २० मायक्रॉन लहान; कोणते बटण? हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले, की आठवडाभरानंतर जास्त लक्षात राहते ते पुन्हा वाचणाऱ्यांच्या नव्हे, तर मधल्या काळात स्वतःला आठवायला लावणाऱ्यांच्या. त्यांचे प्रयोग विद्यार्थ्यांवरचे होते, पण विसरण्याच्या बाबतीत विद्यार्थी आणि ऑपरेटर यांच्यात फरक असण्याचे कारण दिसत नाही. चुकलेल्या उत्तराचा उपयोगही पगारवाढ अडवायला न करता, सेटरने उद्या कुणाच्या मशीनवर दहा मिनिटे उभे राहायचे हे ठरवायला करायचा. एकच प्रश्न निम्म्या लोकांचा चुकला तर दोष व्हिडिओत आहे. तो पुन्हा काढा.

ऑडिटची सोय होते ती वेगळीच. आयएटीएफ १६९४९ मध्ये कामावरच्या प्रशिक्षणाच्या कलमात कंत्राटी आणि एजन्सीमार्फत आलेल्या माणसांचाही स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्यक्षात स्किल मॅट्रिक्सवरची काळी वर्तुळे ऑडिटच्या आदल्या रात्री भरली जातात आणि ठेकेदाराची माणसे त्यात नसतातच. महिन्या-दोन महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी मुलांना दर वेळी नव्याने शिकवण्याचा कंटाळा सेटरला येतो, व्हिडिओला येत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हा खटाटोप करण्यासारखा आहे.

आता अडचणीची गोष्ट. शॉप फ्लोअरवर मोबाईलला बंदी आणि प्रशिक्षण मोबाईलवर, असा विरोधाभास अनेक कारखान्यांत आहे. मग मार्ग काढला जातो: "घरी जाऊन बघ." आठ तासांची पाळी, वर चार तासांची ओटी, खोलीवर सहा जण, स्वयंपाकाची पाळी, आणि डेटा पॅक त्याच्याच खिशातला. 'केव्हाही शिका' याचा अर्थ 'आमच्या वेळेत सोडून केव्हाही' असा व्हायला वेळ लागत नाही. आमचे मत असे, की कंपनीच्या कामासाठी शिकणे हे कंपनीचेच काम आहे आणि त्याची वेळ पाळीतच धरली पाहिजे. पाळीनंतर बसवले तर त्याला जादा तासांचा दर लागू करावा. प्रत्येक लाइनला एक टॅबलेट, मशीनपासून चार पावलांवर उभे टेबल आणि पाळी सुरू होताना दहा मिनिटे, एवढ्यावर मोबाईलबंदीचा प्रश्नही सुटतो. दहा मिनिटांत किती पीस बुडाले हे मोजणाऱ्या मालकांनी आधी महिन्याचे रिजेक्शन मोजावे.

ज्यांना मूळ अभ्यासक्रम हवा त्यांना तो मिळण्यासारखा आहे. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'भारत स्किल्स'वर आयटीआयच्या ट्रेडचे अभ्यासक्रम आणि प्रश्नसंच आहेत. २०२३ मध्ये 'स्किल इंडिया डिजिटल हब' आले. ॲप्रेंटिस मुलांच्या पायाभूत विषयांसाठी ते जरूर वापरा. आपल्या जॉबचे धडे मात्र आपल्यालाच करावे लागतील.

आणि ते करणार कोण? गाडी अडते ती इथे. वीस वर्षे घासून मिळवलेली खुबी दीड मिनिटात कॅमेऱ्याला देऊन टाकली तर उद्या आपली किंमत काय, हा प्रश्न सेटरच्या मनात असतो. तो गैर नाही. आपल्याकडे उस्तादाने हातचे एक राखून ठेवण्याची पद्धत जुनी आहे आणि तिच्यामागे पोटाची काळजी आहे. मिटिंगमध्ये टाळ्या वाजवून ती जात नाही. शिकवण्याचे काम त्याच्या पदात लिहा, त्याचा वेगळा भत्ता ठरवा, त्याने तयार केलेली माणसे त्याच्या बढतीत धरा. व्हिडिओच्या सुरुवातीला त्याचे नाव येऊ द्या. कंट्रोलर, टूल किंवा फिक्स्चर बदलले की तो व्हिडिओ रद्द करून नवा काढण्याचा अधिकारही त्यालाच द्या. नाहीतर दोन वर्षांनी एखादा नवा ऑपरेटर, केव्हाच विकून टाकलेल्या मशीनची बटणे मन लावून शिकत बसलेला सापडेल.