मोसंबीला पाणी मोजून द्या, याच आठवड्यापासून



मार्च उजाडला. आंबिया बहराची फळं गोटीएवढी होताहेत आणि विहिरी खाली चालल्या आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात लेकरांसारख्या वाढवलेल्या बागा जळणाच्या भावानं गेल्या. ती वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही.

लाइट आली की मोटर सुरू, लाइट गेली की बंद, असंच आपल्याकडचं पाणी चालतं. झाडाची गरज कुणी विचारतच नाही. ती काढणं अवघड नाही. बाष्पीभवन पात्रात मोजलेलं दिवसाचं बाष्पीभवन मिलिमीटरमध्ये घ्या. त्याला ०.७ या पात्र गुणांकानं, मग मोठ्या मोसंबीच्या साधारण ०.७ या पीक गुणांकानं आणि शेवटी झाडाच्या पसाऱ्याच्या क्षेत्रफळानं गुणा. आलेला आकडा म्हणजे लिटर. पसारा आरपार ४ मीटर असेल तर क्षेत्रफळ साडेबारा चौरस मीटर भरतं. मे महिन्यात १० मिलिमीटर बाष्पीभवनाच्या दिवशी अशा झाडाला सुमारे ६० लिटर लागतात, थंडीत ४ मिलिमीटरच्या दिवशी २५. ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर असतील तर उन्हाळ्यात दोन तासांच्या आत काम होतं, हिवाळ्यात पाऊण तासात. त्यापुढचं पाणी मुळांखाली उतरून वाया जातं. शिवाय बुंध्याशी सतत ओल राहिली की डिंक्या रोग येतो. जास्त पाण्यानं बसलेली बागही आपण पाहिली आहे. जमीन, झाडाचं वय, फळांचा भार यांनुसार आकडा थोडा हलेल, पण अंदाजापेक्षा तो केव्हाही बरा.

परभणीच्या कृषी विद्यापीठाला आणि हवामान खात्याला कळकळीची विनंती: मंगळवार-शुक्रवारच्या कृषी सल्ल्यात तालुकावार बाष्पीभवनाचा आकडा ठळक द्या, आणि तो गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत पोचवा. शेतकऱ्याला उपदेशापेक्षा हा एक आकडा जास्त उपयोगी आहे.

गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनो, तुमचं काम सगळ्यात महत्त्वाचं. टेप, मापाचा मग आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन या रविवारी बागेत उतरा. पसारा मोजा. ड्रिपरखाली मिनिटभर मग धरा. ताशी ८ लिटरच्या ड्रिपरमधून १३० मिलीच्या आसपास पडायला हवं. निम्मंच पडलं तर क्षार साचले असण्याची शक्यता आहे. तसं असेल तिथं आधी नळ्यांची आम्लप्रक्रिया करून घ्या, मगच तासांचा हिशोब धरा. आणि शेजाऱ्याची बागही मोजून द्या, कारण दोघांच्या विहिरींना पाझर एकाच खडकातून आहे.