भाड्याच्या घराच्या दारावर बँकेचा कागद



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी माझ्या नणंदेची मुलगी पुण्यात मंदिरातून घरी आली. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं म्हणून घाईत होती. बघते तो दारावर चारी कोपऱ्यांना टेप लावून एक कागद चिकटवलेला. वर 'ताबा सूचना', खाली घरमालकाचं नाव, फ्लॅटचा नंबर, चतुःसीमा आणि थकलेल्या कर्जाची रक्कम. शेजारच्या काकू दार किलकिलं करून बघत होत्या. मला फोन आला तो रडतच. "मामी, आम्ही तर एकाही महिन्याचं भाडं चुकवलं नाही."

खरंच चुकवलं नव्हतं. एक लाख डिपॉझिट, महिना अठरा हजार भाडं, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला, पोलीस व्हेरिफिकेशन झालेलं. मालकाने कर्जाचे हप्ते थकवले होते आणि बँकेची ६० दिवसांची नोटीस त्याला जानेवारीत मिळाली होती. घर माझ्या भाचीला दिलं एप्रिलमध्ये. म्हणजे डिपॉझिट घेताना त्याला सगळं ठाऊक होतं. तो तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा होता, मनात एक आणि ओठावर एक असू नये हे शिकवणारा. योगायोगाचं मी फार कौतुक करत नाही, पण तो दिवस मला विसरता येत नाही.

त्यानंतर महिनाभर मी वकिलांकडे, बँकेत काम केलेल्या भावाकडे, जिथे मिळेल तिथे विचारत राहिले. आपल्यापैकी कितीतरी जणी मुलांच्या शिक्षणासाठी, बदलीसाठी भाड्याने राहतात, म्हणून जे कळलं ते लिहिते.

घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने कोर्टात दावा न लावता वसुली करू शकते. आधी कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस, मग ताब्याची सूचना, मग लिलाव. ही पहिली नोटीस फक्त कर्जदाराला जाते, भाडेकरूला तिचा पत्ताही नसतो. ती मिळाल्यानंतर मालकाला बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता येत नाही, तसंच भाड्यानेही देता येत नाही. तरी लोक देतात, आणि घेणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

घर गहाण पडण्याच्या आधीपासून कायदेशीर भाडेकरार असेल तर गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये अशा भाडेकरूंना संरक्षण दिलं. २०१६ च्या विशाल कलसारिया खटल्यात तर स्पष्ट म्हटलं, की भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला दिलेलं संरक्षण सरफेसीच्या नावाखाली पुसता येत नाही. मुंबईत जुन्या चाळींत, पागडीच्या खोल्यांत राहणाऱ्या आपल्या भगिनींनी हे लक्षात ठेवावं. मात्र २०१९ च्या निकालाने पुराव्याची बाजू कडक केली. करार तोंडी असेल किंवा नोंदवलेला नसेल तर फार काळ निभाव लागत नाही. म्हणून जुन्या भाडेपावत्या आणि लाइट बिलं रद्दीत घालू नका. सासूबाईंच्या ट्रंकेतल्या पिवळ्या पावत्यांना मी हसायचे, आता हसत नाही.

त्याच २०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि भाडेकरूला थेट कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येऊ लागलं. अर्जाची मुदत ४५ दिवसांची असते. दारावर कागद लागला की आधी गावी जाऊन आईशी बोलू, दिवाळी होऊ दे, असं करू नका.

आता खरी बोच. आज आपल्याकडे बहुतेक घरं लिव्ह अँड लायसन्सवर दिली जातात, आणि कायद्याच्या नजरेत त्यात राहणारा भाडेकरूच नसतो. त्याच्याकडे असते ती फक्त राहण्याची परवानगी. घर दुसऱ्याच्या नावावर गेलं की त्या परवानगीने नवा मालक बांधला जात नाही. म्हणजे करार नोंदवला, भाडं वेळेवर दिलं, चारित्र्याचा दाखलासुद्धा पोलिसांकडून आणला, तरी ते कुटुंब सगळ्यात कमकुवत. माझी भाची त्यातलीच, आणि तिचा करार नोटिशीच्या नंतरचा. वकील म्हणाले, "ताई, इथे लढण्यापेक्षा बोलणं बरं."

ती बोलायला गेली. सूचनेच्या खाली प्राधिकृत अधिकाऱ्याचं नाव आणि फोन असतो, तिथेच जायचं. दारावर कागद लागला म्हणजे उद्या सामान रस्त्यावर, असं नसतं. हा बहुतेक वेळा सांकेतिक ताबा असतो. आत माणसं राहत असतील तर प्रत्यक्ष ताब्यासाठी बँका सहसा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे. लिलावाआधीही ३० दिवसांची सूचना लागते. त्या अधिकाऱ्याने मुलाची सहामाही परीक्षा होईपर्यंत राहू दिलं, आणि भाचीने ते लेखी घेतलं. तोंडी आश्वासन देणारा माणूस चांगला असला तरी त्याची बदली होऊ शकते, हे तिच्या नवऱ्याला सुचलं.

डिपॉझिटचं काय? ते द्यायची जबाबदारी मालकाची, बँकेची नाही. मालकाने फोन उचलणं बंद केलं होतं. बँकेने भाडं आमच्याकडे भरा असं लेखी कळवलं नव्हतं, म्हणून त्यांनी अडीच महिने भाडं दिलं नाही, तेवढे पंचेचाळीस हजार वळते करून घेतले. पंचावन्न हजार बुडाले. भाडं थांबवणं बरोबर की चूक, यावर आमच्या घरात वाद झाला. नणंद म्हणाल्या, त्याने खोटं केलं म्हणून आपण व्यवहार मोडायचा का? मला मात्र त्यात चोरी दिसत नाही. स्वतःचेच पैसे होते ते.

माझं मत स्पष्ट आहे. कर्जाचा तंटा बँक आणि मालक यांच्यातला. त्यात ज्याने एक रुपयाही थकवला नाही अशा कुटुंबाला निदान तीन महिने हक्काने मिळायला हवेत, अधिकाऱ्याच्या मेहरबानीने नव्हेत. हे अशक्य नाही. अमेरिकेत घरं धडाधड जप्त होत होती तेव्हा, २००९ मध्ये, भाडेकरूंसाठी कायदा झाला. जप्त घराचा नवा मालक प्रामाणिक भाडेकरूला ९० दिवस आधी सूचना दिल्याशिवाय बाहेर काढू शकत नाही. २०१४ च्या शेवटी त्याची मुदत संपली होती, २०१८ मध्ये तो कायमचा झाला. आपल्याकडे लायसन्सवर राहणाऱ्यांसाठी असं काही का नसावं? लाखो घरं याच करारावर चालतात.

तोवर घर घेण्याआधी आपणच विचारायचं. यावर कर्ज आहे का, हप्ते चालू आहेत का, भाड्याने द्यायला बँकेची परवानगी आहे का. एजंट तोंड वाकडं करेल, करू दे. गहाणाची नोंद सरसाई या केंद्रीय नोंदणीच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून बघता येते. सोसायटीच्या सेक्रेटरींना मेंटेनन्स थकला आहे का ते विचारा, पुष्कळ कळतं. डिपॉझिट रोख देऊ नका आणि त्याचा आकडा करारात घाला.

एवढं सगळं दुसऱ्यांना सांगत होते आणि एक दिवस माझंच मन मला खाऊ लागलं. सांगलीत आमचा एक फ्लॅट आहे, त्यावर कर्ज आहे, आणि तो आम्ही एका शिक्षिकेला भाड्याने दिला आहे. कर्जाचे कागद कपाटातून काढून वाचले. बँकेच्या लेखी संमतीशिवाय भाड्याने देऊ नये, असं त्यात छापलेलं. आठ वर्षं ते कपाटात होतं. आमचे हप्ते चालू आहेत, पण त्या बाईंना हे कधी सांगितलंच नव्हतं. "आपलं आणि बँकेचं, तिला कशाला?" असं आमचे हे म्हणाले. भाचीच्या मालकानेही मनात हेच म्हटलं असेल.

बँकेत अर्ज दिला. तीन हेलपाटे झाले, पत्र मिळालं. मग ते घेऊन त्या शिक्षिकेकडे गेले. त्यांनी ते नीट वाचलं, थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "काकू, पुढे कधी हप्ता चुकला तर मला सांगाल ना?"

नव्या करारात तसं कलम घातलं आहे. बँकेची कुठलीही नोटीस आली तर सात दिवसांत भाडेकरूला लेखी कळवायचं आणि डिपॉझिट परत द्यायचं. यांना ते फारसं आवडलेलं नाही, पण सही केली.