सामान फुकट, वेळही फुकट?

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आपण शाळेपासून इतक्या वेळा ऐकले आहेत की, ते तपासून पाहावेत असे कोणाला वाटतच नाही. कार्यानुभवाच्या तासाला, हळदीकुंकवाला, लग्नाच्या रुखवतात, स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात, सर्वत्र त्यांचा उदोउदो. अलीकडे या यादीत एका वस्तूची भर पडली आहे. प्लॅस्टिकच्या जुन्या पिशव्यांच्या पट्ट्या काढायच्या आणि क्रोशाच्या सुईने त्यांची वेष्टने विणायची. आहेराची साडी, खण-नारळ, टॉवेल-टोपी त्यात घालून द्यायची. वस्तू सुबक दिसते. पाहणारे ‘किती छान!’ म्हणतात आणि पुढे जातात. या कौतुकाविषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

लोणी भापकरला आमच्या घरी आई आणि चुलती हे काम करतात. घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण क्रोशाच्या बाबतीत मी त्यांची विद्यार्थिनी आहे. काम दिसते तेवढे सोपे नाही. पिशवी आधी धुवायची आणि सावलीत वाळवायची. ती सपाट करून बंद आणि तळाची शिवण कापून टाकायची. उरलेल्या भागाचे दोन बोटे रुंदीचे आडवे काप घेतले की बांगडीसारखी गोल वेढी मिळतात. एक वेढे दुसऱ्यात अडकवून ओढले की लांब दोरी तयार होते. मग जाड सुई घेऊन साखळी, मुका खांब, खांब असे विणत जायचे. प्लॅस्टिक सुतासारखे सुईवरून घसरत नाही. बोटे भरून येतात.

या कामाची गरज आहे का? आहे. राज्य शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठेवला. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून मिठाईचे खोके आणि निमंत्रणपत्रिका यांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिकच्या कागदालाही मनाई केली. तरीही आपल्यापैकी कोणाच्या घरी दाराआड खिळ्याला पिशव्यांनी भरलेली पिशवी टांगलेली नाही? आहेराचा चकचकीत कागद तर एका मिनिटात फाटतो आणि मांडवामागच्या उकिरड्यावर जाऊन पडतो. पॉलिथिन सडत नाही. उन्हाने ठिसूळ होते, त्याचा चुरा होतो आणि तो मातीत मिसळतो. उष्ट्या अन्नाबरोबर पिशवी गाईच्या पोटात गेली, तर काय होते हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगायला नको. तेव्हा घरातली पिशवी उकिरड्यावर न जाता कोणाच्या हाती आहेर होऊन गेली, तर ते चांगलेच.

पण येथेच प्रश्न सुरू होतो. आईने विणलेली वेष्टने पाहून तालुक्याच्या एका दुकानदाराने विचारणा केली. नगाला तीस रुपये देऊ म्हणाला. आईने थोडे वाढवून मागितले, तेव्हा त्याचे उत्तर होते, “अहो ताई, सामान तर फुकटचंच आहे, आणि तुम्ही घरीच असता की!” मी घड्याळ लावून मोजले. साडी मावेल अशा एका वेष्टनाला बावीस पिशव्या लागल्या आणि धुण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत सात तास. म्हणजे तासाला जेमतेम सव्वाचार रुपये. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. माती उचलणाऱ्या हातांना जेवढे, त्याचा नववा हिस्सासुद्धा विणणाऱ्या हातांना नाही!

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. तिला मजुरी मिळाली, कारण ती घराबाहेर, मुकादमासमोर बसून राबत होती. तिची सून घरात बसून राबते, म्हणून ते ‘फावल्या वेळेतले काम’ ठरते. आमच्या गावचे मल्लिकार्जुनाचे मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती पाहायला दुरून लोक येतात. पाथरवटांनी हे फावल्या वेळेत केले, असे त्यांतला एकही जण म्हणत नाही. मग सुईवरच्या हातांनाच हा शब्द का?

ही केवळ आमच्या घरची गोष्ट नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूर येथे हजारो स्त्रिया क्रोशाची लेस विणत. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. या स्त्रिया दिवसाचे कितीतरी तास विणत; त्यांची लेस परदेशी जाई आणि व्यापारी श्रीमंत होत. पण त्यांना कामगार न म्हणता ‘गृहिणी’ म्हटले जाई, म्हणून मजुरी नाममात्र. समाजशास्त्राच्या तासाला हे ऐकताना आमच्या ओसरीची आठवण होणे साहजिकच होते.

कोणी म्हणेल, हौसेला मोल नसते. अगदी मान्य. माझ्या रुखवतासाठी आईने काही विणले तर ती त्याचे बिल करणार नाही, आणि मीही तासांचा हिशेब मांडणार नाही. पण वस्तू दुकानात गेली की ती हौस राहत नाही, तो व्यवहार होतो. दुकानदार जागेचे भाडे धरतो, वीज धरतो, स्वतःचा नफा धरतो. फक्त बाईचा वेळ तेवढा धरत नाही. दुसरा आक्षेप असा की, पूर्ण मजुरी धरली तर तीनशेचे वेष्टन घेणार कोण? हा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे मजुरी मारणे नव्हे, नमुना बदलणे. घट्ट विणीऐवजी मोकळी जाळी विणली तर टाके निम्म्यावर येतात. जुन्या साडीच्या तुकड्यात भेट गुंडाळून वर नुसता क्रोशाचा पट्टा आणि फूल बांधले, तर तासाभरात काम होते आणि भावही परवडतो. पुण्याच्या ‘रीचरखा’ या उपक्रमात स्त्रिया अशाच पिशव्यांच्या पट्ट्या चरख्यावर गुंडाळून हातमागावर विणतात, आणि तेथे त्याला रोजगार म्हणतात. पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या स्त्रिया आपला माल स्वतः विकतात. म्हणजे वाट अगदीच नाही असे नाही.

आता आपल्या महाविद्यालयापुरते. एका प्रदर्शनात मी पाहिले की, जुन्या पिशव्यांचे रंग मळकट दिसतात म्हणून वस्तूंसाठी नव्या कोऱ्या रंगीत पिशव्या विकत आणल्या होत्या! टिकाऊसाठी टाकाऊ विकत घेणे हा कोणता न्याय? माझी गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना विनंती आहे की, यापुढे आपल्या प्रदर्शनात प्रत्येक वस्तूजवळ एक चिठ्ठी असावी. तीवर तीन गोष्टी लिहाव्यात: जुन्या पिशव्या किती लागल्या, तास किती लागले, आणि विणली कोणी. पुष्कळदा मुलीच्या नावावरचे बक्षीस आईच्या बोटांचे असते. तेही कळू द्या. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्या तासांची मजुरी काढून भिंतीवर लावावी. पाहणाऱ्यांनी कौतुक जरूर करावे, पण चिठ्ठी वाचून करावे.

पिशवी टाकाऊ असेल. ती विणणारीचा दिवस टाकाऊ नाही. पुढच्या वेळी कोणी ‘सामान फुकटचंच आहे’ म्हणाले, तर आपण शिकलेल्या मुलामुलींनी एवढेच विचारावे, “आणि सात तास?”